काकींच्या फळ्यावरचा खोटा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि मला फार राग आलेला आहे. म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगताना मधूनमधून उसासे टाकतात, हे मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही. माझा एक कोपरा पाण्याने फुगला आहे, रंगाचे पोपडे निघाले आहेत, त्याचे मला काही वाटत नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे, आणि ती गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका व्हिडिओ लायब्ररीत झाला. तेव्हा लोक पिक्चरच्या कॅसेट भाड्याने घरी नेत आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देत. दुकान एका बाईंचे होते. सगळी गल्ली त्यांना काकी म्हणत असे. कॅसेट ठेवायला त्यांनी सुताराकडून रॅक करून घेतले, त्यातला प्लायचा एक तुकडा उरला. सुताराने तो पॉलिश पेपरने घासला, त्यावर काळ्या रंगाचे दोन हात मारले आणि दुकानाच्या दारात साखळीने टांगला. "दोन दिवस याला ओलं फडकं लावू नका," असे सांगून तो गेला. काकींनी चार दिवस लावले नाही. मला तेव्हाच कळले की बाई वस्तू जपणारी आहे.

काकी माझ्यावर रोज सकाळी खडूने लिहीत की आज कोणता पिक्चर न्यावा. त्यांचा एकच नियम होता. जो पिक्चर आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला नाही, त्याचे नाव फळ्यावर लिहायचे नाही. आणि आवडला नाही तर तेही लिहायचे. "नवा आला आहे. हिरो रडला की आपल्याला हसू येतं. विचार करून न्या." किंवा, "शेवट चांगला आहे, पण तिथपर्यंत जागं राहायला हवं." लोक माझ्यासमोर उभे राहून हसत आणि मग आत जात. कधी कधी नको म्हटलेलाच पिक्चर मुद्दाम मागत आणि दुसऱ्या दिवशी कान पकडून परत आणत.

एकदा एक पिक्चर विकणारा सूटकेस घेऊन आला. म्हणाला, "काकी, बरं-वाईट काही लिहू नका. आमच्या पिक्चरचं फक्त नाव लिहा फळ्यावर, महिनाभर. तुमच्या दुकानाची पुढची भिंत रंगवून देतो."

काकी म्हणाल्या, "भिंत उजळेल हो. पण माझं तोंड काळं होईल, त्याचं काय?"

तो गेला. माझे तोंड तर जन्मापासूनच काळे. पण त्या दिवशी मी असा ताठ लटकत होतो की वाऱ्यानेसुद्धा हललो नाही.

आमच्या गिऱ्हाइकांत एक शिंपी होते. शेजारच्या गल्लीत त्यांचे शिलाईचे दुकान होते, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणत. तिसाव्या वर्षी मोठा ताप आला आणि त्यात मास्तरांचे कान गेले. बोलत स्वच्छ, वाचत भराभर, पण ऐकू काहीच येत नसे. पिक्चरचे तर भारी वेड. ते एका कॅसेटमागून दुसरी कॅसेट नेत आणि नुसती हलणारी तोंडे पाहत बसत. एक दिवस काकींनी त्यांना असा पिक्चर दिला, ज्यात माणसे जे बोलतात ते चित्राच्या खाली अक्षरांत उमटत होते. दुसऱ्या दिवशी मास्तर दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसले होते. "वहिनी," ते म्हणाले, "नऊ वर्षांनी मला कळलं की पिक्चरमधली माणसं काय भांडतात!"

तेव्हापासून काकींनी एक पद्धत पाडली. ज्या पिक्चरला खाली अक्षरे असतील, त्याच्या नावापुढे त्या एक गोल ठिपका काढत, बटणाएवढा. तो ठिपका मास्तरांसाठी होता, पण पुढे पुढे ज्यांना कमी ऐकू येते असे आणखी चार जण तो शोधत येऊ लागले. अक्षरे आहेत की नाहीत, हे काकी कव्हर वाचून ठरवत नसत. कॅसेट लावून बघत. काकींची छोटी लेक शेजारी बसून "आहेत, आहेत!" असे ओरडे आणि मग खडू घेऊन धावत येई.

मित्रांनो, माझ्यावर किती ठिपके उमटले आणि पुसले गेले याची मोजदाद नाही. पण एकही खोटा नव्हता. एकही नाही.

मग कॅसेट गेल्या, त्यांच्या जागी सीडीच्या चकत्या आल्या. पुढे त्याही गेल्या. पिक्चर थेट घरातल्या टीव्हीवर आणि मोबाइलवर दिसू लागले. त्यासाठी एखाद्या कंपनीची वर्गणी भरली की झाले. काकींच्या दुकानाला टाळे लागले आणि त्या जागी मोबाइलची कव्हरे विकणारा आला. मला काकींच्या घरी नेले आणि गच्चीतल्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवले. कोपरा फुगला तो तिथेच. मी तक्रार केली नाही. पाणी झाकणे हेही काही खोटे काम नव्हे.

काकींची लेक शिकली, एका ऑफिसात जाहिराती लिहू लागली. दोन वर्षांपूर्वी त्या ऑफिसाने निम्मी माणसे कमी केली, त्यात तीही गेली. ती घरी आली, तीन महिने अर्ज पाठवत राहिली, आणि एका सकाळी गच्चीत आली. मला पाहून थबकली. तिने मला उचलले, धुतले, उन्हात ठेवले. खरे सांगतो, मला आनंद झाला. इतका आनंद व्हायला नको होता.

तिने इंटरनेटवर एक पान काढले आणि त्याला नाव दिले 'काकींचा फळा'. माझा फोटो वर, आणि खाली सल्ला, की घरबसल्या पिक्चर पाहायला कोणती वर्गणी घ्यावी. कल्पना काही वाईट नव्हती. जुन्या गिऱ्हाइकांनी ते पान एकमेकांना पाठवले. "अरे, हा तर आपल्या काकींचा फळा!" असे म्हणत परगावी गेलेली माणसेसुद्धा तिथे आली.

पण त्या पानामागे एक व्यवहार होता. तुम्ही आपल्या पानावर एखाद्या कंपनीची लिंक द्यायची. तिथून जाऊन कोणी वर्गणी भरली की कंपनी तुम्हाला कमिशन देते. याला अफिलिएट म्हणतात. व्यवहार वाईट नाही, कष्टाचा मोबदला कोणालाही मिळावा. पण कंपनी निवडताना काय पाहायचे, प्रश्न तिथे येतो. लेक मैत्रिणीशी फोनच्या स्पीकरवर बोलत होती आणि मी समोरच्या खुर्चीत उभा होतो.

"पहिली कंपनी बरं देते, पण माणूस महिन्याभरात पळाला तर दिलेलं परत घेते," लेक म्हणाली. "दुसरी पूर्ण वर्षाच्या वर्गणीवर दुप्पट देते. तिसरीचे पिक्चर सगळ्यांत चांगले आहेत, खाली आपल्या भाषेत अक्षरंही येतात. पण ती काही म्हणजे काही देत नाही."

"मग तिसरी सोड," मैत्रीण म्हणाली.

"सोडलीच."

मित्रांनो, मला हात असते तर मी तो फोन खिडकीतून भिरकावला असता.

संध्याकाळी लेकीने काकींसमोर मला ठेवले आणि हातात खडू दिला. "आई, दुसऱ्या कंपनीचं नाव लिही. लोकांना तुझं अक्षर हवंय."

काकी म्हणाल्या, "मी पाहिलं नाही ते मी लिहीत नाही. तुला माहीत आहे."

"अगं, हा एक पिक्चर नाही, हजारो आहेत. सगळे कधी पाहून होणार? मी पाहिलंय ना! माझ्यावर विश्वास नाही का?"

आता आईने यावर काय म्हणायचे? काकींनी लिहिले. मी त्यांच्यावरही रागावलो आहे, लपवत नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि लेकीने खडू उचलून त्या नावापुढे एक गोल ठिपका काढला. अक्षरे आहेत का, हे तिने पाहिले नव्हते. पाहायला पाच मिनिटे लागली असती. फोटो काढता काढता ती स्वतःशीच म्हणाली, "जुन्या लोकांना ठिपका आठवतो." ठिपक्याचा अर्थ तिला ठाऊक होता. माझ्या अंगाची आग झाली. ओले फडके घेऊन कोणीतरी यावे म्हणून मी तडफडत होतो. कोणी आले नाही.

तीन आठवड्यांनी एका दुपारी मास्तर आले. केस पांढरेशुभ्र, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी काय काढले असेल? आपल्या घरच्या टीव्हीचा रिमोट! तो घेऊन ते आले होते.

"वहिनी, चूक माझीच असणार," ते म्हणाले. "मोबाइलवर तुमचा फळा पाहिला, ठिपका पाहिला, आणि पूर्ण वर्षाची वर्गणी भरून टाकली. पण ती अक्षरं आणायचं बटण काही सापडत नाही. आठवडाभर दाबतोय. या वयात डोकं चालत नाही. जरा दाखवता का?"

काकींनी लेकीच्या टीव्हीवर तीच कंपनी लावली. एक पिक्चर उघडला, दुसरा उघडला, दहा उघडले. अक्षरे कुठेच नव्हती. बटणही नव्हते.

काकी लेकीकडे वळल्या. "तू पाहिलं होतंस ना?"

लेकीने अकरावा पिक्चर उघडला.

"मी ठिपका काढला नव्हता. कोणी काढला?"

"आई, मी तीन महिने घरी बसून होते! मला काय हौस होती? सगळेच असं करतात. एका ठिपक्याने काय आभाळ कोसळलं?"

"त्यांनी कंपनीवर भरवसा ठेवला नाही. माझ्या अक्षरावर ठेवला. आणि तू माझं अक्षर विकलंस!"

"मी विकलं, आणि तू न पाहता लिहिलंस!"

दोघींचे आवाज चढले होते. आणि मास्तर खुर्चीत रिमोट धरून बसले होते, दोघींच्या हलणाऱ्या तोंडांकडे पाहत, हसऱ्या चेहऱ्याने. त्यांना एक शब्द कळत नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारले, "फार अवघड आहे का हो? नसेल जमत तर राहू द्या."

काकींनी खडू उचलून लेकीच्या हातात ठेवला. "त्यांना ऐकू येत नाही. तू लिहून सांग."

लेक माझ्यासमोर आली. खडू दोनदा मोडला. मग तिने लिहिले, "मास्तर, यात अक्षरे नाहीत. ठिपका मी न पाहता काढला. तुमच्या वर्गणीतून मला कमिशन मिळाले."

मास्तरांनी वाचले. पुन्हा वाचले. रिमोट पिशवीत ठेवून पिशवीचा बंद नीट बांधला. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. त्यांनी फक्त विचारले, "मग पूर्वीचे ठिपके?"

लेक रडू लागली. काकींनी तिच्या हातून खडू घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिले, "सगळे खरे होते."

"हो," मास्तर म्हणाले. "असतील."

असतील! मित्रांनो, ऐकलेत? वर्षानुवर्षे एका बाईने रोज कॅसेट लावून, खात्री करून काढलेले ते ठिपके त्या एका शब्दात संशयात गेले. मागे जाऊन ते मी पुन्हा कसे दाखवू? ते तर रोज पुसले जात होते. त्यांना साक्षीदार मी एकटा, आणि माझे तोंड असे की त्यावर दुसऱ्याने लिहावे तेव्हाच ते बोलते.

लेकीने त्याच संध्याकाळी माझा, त्या कबुलीसकट, फोटो काढून पानावर टाकला. दोन दिवसांत त्या दुसऱ्या कंपनीने तिचे नाव कमिशनच्या यादीतून काढून टाकले, पाठोपाठ पहिलीनेही. मास्तरांची वर्गणी परत द्यायला कंपनीने नकार दिला तेव्हा तिने ते पैसे स्वतःच्या खिशातून दिले. तिसऱ्या कंपनीचे नाव चिठ्ठीवर लिहून, स्वतः आठ दिवस अक्षरे तपासून, ती मास्तरांच्या दुकानात देऊन आली. आता ती एका छापखान्यात मजकूर तपासायचे काम करते. तिच्यावरचा माझा राग थोडा उतरला आहे, पूर्ण नाही.

मास्तरांनी ती चिठ्ठी शिवणयंत्राच्या खणात ठेवली आहे. काकी कापड घेऊन जातात तेव्हा ते मापाचे बोलतात, अस्तराचे बोलतात. पिक्चरचे बोलत नाहीत. त्या तिसऱ्या कंपनीची वर्गणी त्यांनी भरलेली नाही.

मित्रांनो, मला पुन्हा रंग द्या, अशी माझी विनंती नाही. हवे तर मला परत पिंपावर ठेवा. पण उद्या तुमच्याही हातात खडू येईल. तुम्ही कोणाला तरी म्हणाल, हे घ्या, हे चांगले आहे, आणि तो माणूस तुमचा शब्द खरा मानून घरी जाईल. म्हणून आधी ती वस्तू स्वतः पाहा, शेवटपर्यंत पाहा. तेवढा वेळ नसेल, तर खडू खाली ठेवा. माझ्यासारख्या मुक्या फळ्यांना खोटे बोलायला लावू नका.