भोंगेमामांच्या गळ्याचं माप

मी व्हर्नियर कॅलिपर बोलतोय. दोन जबडे, एक सरकती पट्टी आणि पोटात काही न ठेवण्याचा स्वभाव. जे असेल ते माप सांगून मोकळा! माझे भाऊबंद कारखान्यात लोखंडाचे दांडे मोजत राहिले. मी मात्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या शवविच्छेदनगृहात आलो आणि माणसांचे गळे मोजू लागलो.

घाबरू नका. देहदान केलेल्यांची स्वरयंत्रं मोजली, की बेशुद्ध रोग्याच्या घशात घालायची श्वासाची नळी बेताची बनवता येते. हे काम आमच्या बाईंचं. स्वरयंत्राची कूर्चा नाकाच्या शेंड्यासारखी लवचीक. जोर दिला की दबते आणि माप कमी येतं. म्हणून बाई प्रत्येक विद्यार्थ्याला बजावत, "गळा मोजायचाय, दाबायचा नाही!"

हेच वाक्य शिपाईमामा व्हरांड्यातून पुन्हा गर्जत. त्यांचा आवाज असा, की कॉलेजला घंटेची गरजच नव्हती. सगळे त्यांना भोंगेमामा म्हणत. बंद ड्रॉवरमध्येही तो आवाज मला ऐकू येई आणि बरं वाटे.

एकदा ते म्हणाले, "बाई, मीही देहदानाचा अर्ज भरलाय. माझा गळा तुम्हीच मोजायचा हं. सगळ्यांत मोठा निघणार, लावा पैज!"

"आणि हरलात तर?"

"सगळ्यांना चहा माझ्याकडून."

"तेव्हा कुठून पाजणार हो मामा?"

"ते तुम्ही बघा!"

मामा निवृत्त झाले आणि एका हिवाळ्यात खरंच परत आले, टेबलावर. बाईंनी मला हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं.

"मी मोजू का मॅडम?" एका विद्यार्थिनीने विचारलं.

"नको गं. शब्द दिलाय मी."

त्यांची बोटं इतकी आवळलेली, की माझे जबडे कूर्चेत रुतले. माझा जीव कळवळला. बाई थांबल्या. "मोजायचाय, दाबायचा नाही," असं स्वतःशीच पुटपुटल्या आणि त्यांनी हात सैल सोडला.

माप आलं चारचौघांसारखं. उलट जरा कमीच. मी खोटं कसं बोलणार?

"हरलात हो मामा," बाई म्हणाल्या. मग डोळे पुसून त्यांनी साऱ्या वर्गासाठी चहा मागवला. कुणाकडून, असं मुलांनी विचारलं, तर म्हणाल्या, "मामांकडून."

आता आकडे आपणच दाखवणारा नवा कॅलिपर आलाय. मी ड्रॉवरच्या कोपऱ्यात पडून असतो. त्याची तक्रार नाही. व्हरांड्यात घंटा वाजते, पण मला करमत नाही. एकच मागणं आहे. मला भंगारात न्यायला याल, तेव्हा चोरपावलांनी येऊ नका. दारातूनच एक खणखणीत हाक मारा.