पेशीयोगी आणि दोन मुळे

पाणी आधी तांबूस झालं, मग तपकिरी, मग चहाच्या चोथ्यासारखं काळपट. आणि धायरीतल्या त्या मंगल कार्यालयात टाळ्यांचा कडकडाट झाला.

स्टेजवर काचेचा टब, टबात मिठाचं पाणी, पाण्यात एका निवृत्त गृहस्थांचे पाय. शेजारी बुडवलेली एक काळी डबी, तिला वायर, वायरीला बटण. टबावर कॅमेरा, मागे भलामोठा पडदा. गृहस्थांच्या टाचांच्या भेगांसकट सगळा चमत्कार मागच्या रांगेपर्यंत दिसत होता.

"नीट पाहा, मंडळी!" पेशीयोगी बद्रीनाथ गरजला. "ही घाण नाही, हे काकांचं म्हातारपण आहे! थकलेल्या, कुजलेल्या पेशी तळपायातून बाहेर पडतायत. ही काळी ऊर्जाकुपी जुनी पेशी खेचते, माझी पुडी नवी पेशी घडवते. कंबर ताठ, चेहऱ्यावर तेज, आणि खालचा त्रास गायब! काका, आजपासून वय किती?"

"बावन्न!" बहात्तरीचे काका लाजत म्हणाले. त्यांच्या डोक्यावर पुणेरी पगडी चढली. पुन्हा टाळ्या.

खालचा त्रास! तिसऱ्या रांगेत बसलेल्या कल्याणीच्या कानशिलात राग ठणकत होता. सभागृहात निम्मे पुरुष प्रोस्टेटच्या कॅन्सरचे, पण तो शब्द कुणी उच्चारत नव्हतं. लघवीच्या जागेचं दुखणं. बायकोला सांगायची लाज, मुलांना सांगायची चोरी. त्या लाजेवरच या माणसाचा सगळा संसार चालला होता.

आणि त्या लाजेत तिचे अण्णाही सापडले होते.

भीमराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. घरात कधी लिंबू कापलं गेलं नाही की गंडादोरा बांधला गेला नाही. वस्तीत कुणाच्या अंगात आलं तर अण्णा शांतपणे विचारायचे, "देवी नेमकी सून घरात असतानाच कशी हो येते? ती माहेरी गेली की देवीलाही रजा?" असा माणूस फसला, तो इथे देव नव्हता म्हणून. बद्रीनाथच्या कपाळी गंध नाही, गळ्यात माळ नाही. अंगात पांढरा कोट, तोंडात 'पेशी', भिंतीवर पडदा. अण्णांना वाटलं, हे विज्ञान आहे. आयुष्यभर ज्याची बाजू घेतली, तेच दारात आलंय.

कॅन्सर वाढवणारं पुरुषी हार्मोन दाबायला त्यांना दर तीन महिन्यांनी इंजेक्शन लागायचं. त्याने अंगातून वाफा निघत, थकवा येई. बद्रीनाथ कानाशी लागला, "इंजेक्शनने पुरुषाचं पुरुषपण जातं, साहेब." झालं. अण्णांनी इंजेक्शन गुपचूप सोडलं, पुडी धरली.

गंमत अशी की मध्यंतरी सुरू झालेली पाठदुखी थांबली. गाल वर आले. शेजारीपाजारी म्हणू लागले, भीमराव तरुण झाले. फक्त आई, नंदा, पोळ्या लाटता लाटता स्वतःशीच गुणगुणायची,

"गाल आले भरूनिया, पाय राहिले काडीवाणी
असं कसं बाई तेज, दिव्यामंदी नुसतं पाणी"

मग एका सकाळी अण्णा न्हाणीघरात चक्कर येऊन बसले. साखर आभाळाला भिडलेली. कल्याणीने उचलून त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर नीरजांकडे नेलं, आणि तिथे सगळं बाहेर आलं. तपासणीत कळलं, कॅन्सर मणक्यात पोचलाय.

"पण मला दुखत नाही," अण्णा अडून बसले. "मग पसरला कसा?"

"कारण त्या पुडीत स्टेरॉइड आहे," नीरजा म्हणाल्या. त्यांनी पुडी प्रयोगशाळेतून तपासून घेतली होती. "दुखणं दबतं, साखर चढते, भूक वाढते, चेहरा सुजतो. तुम्ही त्याला तेज म्हणताय. आत गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तातून निघाल्या आणि हाडांत बिऱ्हाड थाटून बसल्या. दुखलं असतं तर तुम्ही वेळेवर आला असता."

"आणि म्हाताऱ्या पेशींचं काय?"

"भीमराव, पेशी म्हातारी झाली की ती दुभंगायची थांबते. हा शरीराचा शहाणपणा आहे. काही म्हाताऱ्या पेशी जागा अडवून बसतात, शेजाऱ्यांना चिथावतात, गाठीला हातभार लावतात, हेही खरं. त्यावर संशोधन चालू आहे. पण त्या तळपायातून धुऊन काढता येत नाहीत. आणि कॅन्सरची पेशी म्हणजे जी थांबायचंच विसरली ती. हा माणूस ज्या चिरतारुण्याचा बाजार मांडतोय, तोच तुमचा आजार आहे."

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "पण पाणी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणखी एकदा शुद्धी करतो, मग बघू इंजेक्शनचं."

तेवढ्यावर सगळं अडलं होतं. एका टबभर पाण्यावर! तिकडे मणक्यात रोज थोडं थोडं पोखरलं जात होतं, आणि इकडे आज अण्णांचा सत्कार होता.

"श्रीयुत भीमराव!" बद्रीनाथने पुकारा केला. "आपली परंपरा काय? आईवडिलांचे पाय पाण्यात ठेवायचे ते लेकरांनी! या ताई, सेवा करा."

कल्याणी पिशवी घेऊन स्टेजवर चढली. अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. सहायकाने टबात नवं पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं. ती टबापाशी बसली आणि पिशवीतून सकाळी मंडईतून आणलेले दोन पांढरेशुभ्र मुळे काढून तिने पाण्यात ठेवले, पाल्यासकट.

पडद्यावर दोन मुळे झळकले. कुणीतरी खिदळलं.

"हे काय?" बद्रीनाथ गडबडला. "ताई, वडिलांचे पाय ठेवा!"

"ठेवते ना. आधी यांची शुद्धी होऊ दे. दोघांनाही खालचा त्रास आहे, जमिनीखालीच वाढलेत."

हशा पिकला. बद्रीनाथने सहायकाला खूण केली, "बटण लावू नको रे."

"लावा," अण्णा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण त्यात जुना भीमराव होता. कल्याणीने मान वर करून पाहिलं.

"साहेब, हा थट्टेचा विषय नाही..."

"मी तुमच्याकडे प्रयोग म्हणून आलो होतो. प्रयोगात विचारलेल्या प्रश्नाला घाबरतात का? लावा बटण."

बटण लागलं. मुळ्यांभोवती तांबूस धागे सुटले, पाणी पिवळं झालं, तपकिरी झालं, चोथ्यासारखं काळपट झालं.

"अरेरे," पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "किती म्हातारे होते हो मुळे."

"मुळ्यातसुद्धा पेशी असतात!" बद्रीनाथ ओरडला. "वनस्पतींना काय जीव नसतो?"

काही माना डोलल्या. कल्याणी टबापासून उठली. एवढ्यावर हा सुटणार?

"बरोबर," अण्णा म्हणाले. "मग मुळे काढा. पाणी बदला. या वेळी काहीच घालू नका."

सहायकाने बद्रीनाथकडे पाहिलं. तेवढ्यात पगडीवाले काका उठले, स्वतःच्या हाताने त्यांनी स्वच्छ पाणी ओतलं, मीठ टाकलं, बटण दाबलं. टबात आता ना पाय, ना मुळे. पडद्यावर नुसतं पाणी, आणि ते पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा तपकिरी झालं.

काकांनी डोक्यावरची पगडी काढून टेबलावर ठेवली.

कल्याणीने बटण बंद केलं, वायर काढली आणि ती काळी डबी उघडून कॅमेऱ्यासमोर धरली. आत गंजून कुरतडलेल्या दोन लोखंडी पट्ट्या.

"मी अकरावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवते. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. तुम्ही ज्याला म्हातारपण म्हणून टाळ्या वाजवल्या, तो या पट्ट्यांचा गंज आहे!"

"पण माझी कंबरदुखी थांबली की हो!" मागून एकजण कळवळून म्हणाले.

"थांबली नाही, काका, झोपवलीय. पुडीत स्टेरॉइड आहे, तपासून घेतलंय. आणि ऐका, ती एकदम फेकूही नका, अचानक बंद केली तर जिवावर बेतेल. डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडायची. इतकं जहर आहे ते, धरलं तरी मारतं, सोडलं तरी मारतं!" तिने बद्रीनाथकडे बोट दाखवलं. "माझ्या बापाचा मणका पोखरला जात होता आणि हा माणूस त्याला पगडी घालायला निघाला होता!"

बद्रीनाथ कोट काढून दाराकडे सरकला होता. दाराशी दोघेतिघे आडवे उभे राहिले. "थांबा की, तरुण माणूस, घाई कसली? पोलिसांना फोन केलाय."

अण्णा उठले. खुर्चीच्या हाताला धरून उठले. पाय खरंच काडीसारखे झाले होते. त्यांनी माईक घेतला.

"मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे."

त्या सभागृहात तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला.

"मी देवाला कधी फसलो नाही, त्याची मला फार घमेंड होती. कोट पाहिला आणि प्रश्न विचारायचे थांबलो. पाय काढून पाणी बघावं, एवढं साधं मला सुचलं नाही. आणि इंजेक्शन सोडलं ते लाजेपायी, घरात न सांगता. तुमच्यात अजून कुणी सोडलंय? हात वर करा. पहिला माझा."

त्यांनी हात वर केला. तो तसाच वर ठेवला.

पगडीवाल्या काकांचा हात वर गेला. मग कंबरवाल्यांचा. मग इकडून एक, तिकडून एक. शेजारी बसलेल्या बायका चमकून आपापल्या नवऱ्यांकडे पाहू लागल्या, आणि नवरे त्यांची नजर चुकवत हात उंचावू लागले.

"बघा किती आहोत," अण्णा म्हणाले. "आपण एकमेकांना सांगितलं असतं तर हा इथे उभा राहिला नसता. उद्या सकाळी आपापल्या डॉक्टरकडे जायचं. लाजायचं नाही. घरात सांगून जायचं. आणि यापुढे कुणी, कसलाही कोट घालून, काहीही दाखवलं तरी आधी विचारायचं, माझे पाय नसते तरी हे झालं असतं का?"

त्यांनी माईक खाली ठेवला आणि कल्याणीकडे वळले.

"पोरी, डॉक्टर नीरजांना फोन लाव. इंजेक्शन आज देतील का विचार."