पलीकडची हाक

शाळेतल्या बाईंचा घसा पार बसला होता. वर्षानुवर्षं वर्गावर ओरडून गळ्याची वाट लागली, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि काही दिवस चकार शब्द काढायचा नाही अशी तंबी दिली. काढायचा म्हटला तरी निघत नव्हताच. तोंडातून नुसती हवा यायची.

"तळ्यावर जाऊ, तंबू ठोकू. तिथे बोलायला आहे कोण?" असं म्हणून थोरल्या नणंदेने त्यांना गाडीत घातलंच. नणंद दातांची डॉक्टर. समोरच्याला उत्तर देता येत नसताना गप्पा मारायची तिला सवयच होती.

तळ्याभोवती सगळा काळा कातळ. हंगाम सरलेला, त्यामुळे दुसरा एकही तंबू नाही. दुपारी धुकं उतरलं आणि पलीकडचा काठ दिसेनासा झाला. नणंद किटली घेऊन पाण्याकडे निघाली, बोलतबोलतच.

"तुझा नवरा लहानपणी पाण्याला असा घाबरायचा! सांगितलंय का त्याने कधी?"

पाण्यावर पुढे आलेल्या एका सपाट खडकाच्या टोकाशी ती वाकली. बाईंना खडकाच्या मुळाशी भेग दिसली. ती रुंदावत होती. त्यांनी जीव खाऊन हाक मारली. ओठ हलले, आवाज नाही.

"ताई, मागे या!"

हाक आली ती धुक्यातून, पलीकडून. आवाज मात्र बाईंचाच होता. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, ठणठणीत. नणंद किटली टाकून उलटी धावली. मागोमाग खडक एका अंगाला कलला आणि पाण्यात गेला. खाली किती खोल होतं कोण जाणे. बुडबुडे बराच वेळ येत राहिले.

नणंदेने बाईंना घट्ट मिठी मारली. "अगं, तू हाक मारली नसतीस तर... आला की गं तुझा आवाज!"

बाईंनी जोरजोरात मान हलवली, गळ्याकडे बोट दाखवलं. नणंदेला काही उमगेना.

तेवढ्यात पुन्हा हाक आली. या वेळी हळू, लाडीगोडीची.

"ताई, इकडे या ना."

नणंद बाईंच्या मिटलेल्या ओठांकडे बघतच राहिली. दोघींनी तंबू कसाबसा गाडीत कोंबला आणि निघाल्या. मागून हाका येतच होत्या. "ताई! अहो ताई!"

पुढे बाईंचा आवाज परत आला. त्यांनी पहिला फोन नणंदेला केला.

"ताई, मी बोलतेय."



"कुठून?" नणंदेने विचारलं.

"घरून. अजून कुठून?"

फोन बंद झाला. थोड्याच वेळात नणंद दारात हजर. तिने खुर्ची ओढली, बाईंच्या अगदी समोर बसली आणि त्यांच्या ओठांवर नजर रोखून म्हणाली,

"हं, आता बोल."