शिंप्याने बेतलेला स्पीकर

मी एक जुना लाकडी स्पीकर आहे. दुकानातला नव्हे, घरी बेतलेला. मला घडवणारे मास्तर सुतार नव्हते, शिंपी होते. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे माझ्या कोपऱ्यांना कोणी नावे ठेवणार नाही.

मास्तरांची मुलगी दूरच्या शहरात रेडिओवर बातम्या वाचायची. इकडे तिच्या आईला कमी ऐकू येऊ लागले होते. छोट्या रेडिओतून मुलीचा आवाज यायचा, पण शब्द कळायचे नाहीत. "काय वाचते कोण जाणे, नुसती गुणगुण," असे म्हणत ती रेडिओ कानाला लावून बसायची. मास्तरांना ते बघवेना. त्यांनी बाजारातून स्पीकरचा एक मोठा, आवाज काढणारा गोल पडदा आणि तार आणली आणि त्यासाठी लाकडी पेटी करायला घेतली.

मित्रांनो, मास्तरांनी फळ्यांवर खडूने रेघा मारल्या आणि हाताच्या सवयीने प्रत्येक फळीला शिवणीसाठी अर्धा इंच जास्त सोडला. शेजारचे सुतारकाका पोट धरून हसले. "मास्तर, लाकूड दुमडून टीप मारणार की काय?" मास्तर ओशाळले. पण जास्तीचे कापता येते. कमी पडले असते तर मी जळणात गेलो असतो.

जोडल्यावर माझा आवाज घुमू लागला, मडक्यात तोंड घालून बोलावे तसा. सुतारकाकांनी डोके खाजवले. मास्तरांनी मात्र कोटाच्या खांद्यात भरायचा कापूस माझ्या पोटात अस्तरासारखा लावला, आणि शब्द सुटे झाले. मग चार दिवस पॉलिश पेपरने घासणे आणि पॉलिशचे सात हात. प्रत्येक हात वाळला की मास्तर डोळे मिटून माझ्यावरून अंगठा फिरवत, कापडाचा पोत बघावा तसा.

पहिल्या संध्याकाळी साडेसातला मुलगी बोलली. आईने हातातले काम खाली ठेवले. "अहो, शब्द न शब्द कळतोय." माझी मान ताठ झाली. मला मान नाही, तरी झाली.

बरीच वर्षे सुखात गेली. मग बोटभर जाडीचा नवा स्पीकर आला आणि माझी रवानगी बाल्कनीत झाली. डोक्यावर कुंडी आली. पाणी झिरपून पॉलिशवर पांढरे डाग पडले. मला राग आला, आणि वाईटही फार वाटले.

तोवर आईचे कान पुरते गेले होते. नव्या स्पीकरसमोर ती पाहुण्यासारखी बसून राहायची. एके दिवशी तिनेच कुंडी उतरवली आणि म्हणाली, "याला आत घ्या." मास्तरांनी मला पुसले, तार जोडली. बातम्या सुरू झाल्यावर तिने माझ्या कुशीवर तळहात टेकवला. आवाजाने माझे लाकूड थरथरत होते. मग ती रोज तशीच बसून ती थरथर तळहाताने ओळखू लागली, आणि एके संध्याकाळी तिच्या कपाळाला आठी पडली.

"आज तिचा घसा बसलाय," ती म्हणाली. "फोन करा."

मास्तरांनी फोन लावला.

"बाबा, तुम्हाला कसं कळलं?" मुलगी म्हणाली. "इथं शेजारी बसणाऱ्यांनासुद्धा कळलं नाही."

"तुझ्या आईनं ऐकलं," मास्तर म्हणाले.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकायला निघालात, तर आधी तिच्यावर एकदा हात ठेवून बघा.