हवालदाराच्या नावावर

आमच्या घरात वास येतो हे मला सून यायच्या आधीपासून ठाऊक होतं. कशाचा येतो तेही ठाऊक होतं. पण कोणी विचारलं तर माझं उत्तर एकच, "कुत्रं हाय ना घरी." ऐकणारा मान हलवायचा आणि विषय संपायचा.

कुत्र्याचं नाव हवालदार. नाव ठेवलं आमच्या मालकांनी, महादेवरावांनी. अमरावतीच्या बाजारात चाळीस वर्षं आमचं फुलांचं दुकान होतं. मोकाट गाई येऊन झेंडूच्या टोपल्यांत तोंड घालायच्या. एक दिवस कुठून तरी आलेलं हे तांबडं पिल्लू गाईच्या अंगावर धावून गेलं आणि त्या दिवसापासून नोकरीला लागलं. दुकान बंद केलं तेव्हा यांनी गल्ला, वजनकाटा आणि हवालदार असे तिन्ही घरी आणले.

तेव्हा आमच्या घराला निशिगंधाचा वास होता. पहाटे शेवंतीची पोती यायची, मागच्या टिनाच्या खोलीत रचायची, आणि आम्ही दोघं पुढच्या खोलीत बसून हार करायचो. शेजारच्या केशरबाई म्हणायच्या, "जमुनाबाई, तुमच्या घरी देव राहते का काय." आता त्याच केशरबाई आमच्या फाटकाशी आल्या की पदर नाकाशी नेतात, आणि वर मला विचारतात, "हवालदार बरा हाय ना?" मला त्यांच्या त्या पदराचा राग येतो. राग येऊन करणार काय, वास तर येतोच.

पहिल्यांदा झालं त्याला दोन वर्षं झाली. सकाळी मी चादर काढायला गेले तर गादी ओली. हे खिडकीशी उभे होते, माझ्याकडे पाठ करून. म्हणाले, "कुत्र्यानं केलं वाटते."

हवालदार त्या वेळी उंबऱ्याच्या बाहेर बसला होता. दुकानात देवाची फुलं असतात म्हणून यांनीच त्याला पिल्लू असताना शिकवलं होतं, उंबरा ओलांडायचा नाही. आठ वर्षांत त्यानं दुकानाचा काय, घराचा काय, उंबरा ओलांडला नव्हता. हे मला माहीत, त्यांना माहीत, आणि कुत्र्यालाही माहीत. पण समोर उभा असलेला माणूस चाळीस वर्षं बाजारात मान वर करून वागलेला होता, आणि त्याची खाली गेलेली मान मला त्या खिडकीशी दिसत होती. मी म्हणाले, "हाव, त्यानंच केलं असंन."

झालं. त्या दिवसापासून सगळं हवालदाराच्या नावावर. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी म्हणतात, ती आमच्या घरात अशी आली.

वासाशी मी जे केलं ते कोणी शिकवलेलं नव्हतं. उठल्याबरोबर गादी गच्चीवर. आमच्याकडचं ऊन उन्हाळ्यात चटके देतं, पण गादीला तेच लागतं, दुपारपर्यंत कापूस पापडासारखा वाळतो. चादरी खाण्याच्या सोड्यात भिजवायच्या, गादीवरच्या डागाला लिंबाचं पाणी. फरशीला फिनाईल दोनदा. संध्याकाळी शेणीच्या तुकड्यावर कडुनिंबाचा पाला टाकून धूर करायचा, खोली बंद ठेवायची, मग सगळी दारंखिडक्या उघडायच्या. अगरबत्ती मी कधी लावली नाही. अगरबत्तीनं वास जात नाही, एकाचे दोन होतात. बाजारात मिळणारे ते फुसफुस करणारे डबेही तसेच. आधी धुवा, मग वाळवा, मग वारा खेळू द्या, यापलीकडे घर ताजं ठेवायची विद्या नाही. पण रोजच भरणारं मडकं रोज उपसून कोरडं होत नाही.

पुढं मी गादीवर रेक्झिन घातलं. हे कूस बदलायचे आणि ते कुरकुरायचं. सकाळी हे पोराच्या देखत म्हणायचे, "या कुत्र्यापायी मले पोत्यावर झोपा लागते." आणि बाहेर जाऊन हवालदाराला शिव्या द्यायचे, "बेशरम. खाल्ल्या घरची लाज नाई." तो शेपूट हलवायचा. त्याला वाटायचं, मालक बोलताहेत. त्या वेळी मला यांची जेवढी चीड यायची तेवढी आयुष्यात कोणाची आली नाही. पांघरूण घालते मी, सोडा-फिनाईलनं हात फुटले माझे, आणि वर हे त्या मुक्या जिवावर तोंड टाकणार. डॉक्टरला दाखवा म्हटलं की म्हणायचे, "मले काय झालं?" मग मी काय बोलणार? मी तर हो म्हणून बसले होते.

सून करिश्मा वाईट नाही, हे आधीच सांगते. मोबाइलवर वाचून तिनं कुत्र्याच्या वासावरचे सगळे उपाय केले. दर आठवड्याला शांपू, रोज ब्रश, त्याचं पोतं वेगळं धुवायचं, कान पुसायचे. हवालदार इतका चकचकीत झाला की आमच्या कॉलनीत त्याच्याएवढं स्वच्छ कोणी नव्हतं, माणसं धरून. वास होता तिथंच होता. शेवटी तिला सातवा लागला तेव्हा एका रविवारी चहाच्या वेळी ती म्हणाली, "आई, बाळ येईन आता. रांगंन, सगळं तोंडात घालंन. मी धर्मेंद्रशी बोलली. तो घेऊन जाते म्हणते हवालदाराले."

धर्मेंद्र तिचा भाऊ. सेमाडोहला पर्यटकांच्या गाड्या चालवतो. सेमाडोह म्हणजे मेळघाटातलं जंगल. तिथं कुत्रं किती दिवस टिकतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. बिबट्याला कुत्र्याइतकं सोपं दुसरं काही मिळत नाही. धर्मेंद्र स्वतःच मागं हसत सांगून गेला होता, की त्याच्याकडची दोन कुत्री एका पावसाळ्यात गेली.

मी यांच्याकडे पाहिलं. म्हटलं आता तरी बोलतील. यांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "द्या पाठवून. जंगलात मोकळा राहीन."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि ती फाशी चोरानंच सांगायची. मी एवढंच म्हणाले, "आधी जनावराच्या डॉक्टरले दाखवू. काही दुखणं असंन तं औषध घेऊ. नाई झालं तं मंग पाठवा."

माझा मुलगा नितेश बियाण्याच्या कंपनीत आहे, बडनेऱ्याहून गाडी पकडून रोज अकोल्याला जातो. त्याच्या ओळखीचे सुगत डॉक्टर अकोल्याला होते. नितेशनं फोन लावला. डॉक्टर म्हणाले, घरात लघवी करतो ना, मग सकाळची पहिली लघवी बाटलीत भरून आणा. नितेशनं औषधाच्या दुकानातून बाटली आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आई, हे तुह्यानंच होईन."

सकाळी मी उठले तर बाटली मोरीच्या कट्ट्यावर, भरलेली, झाकण घट्ट. हे बाजूला तोंड पुसत उभे.

"भरली," हे म्हणाले. "तुले कायले तरास."

हवालदार मागं साखळीलाच होता. साखळी मी रात्री लावली होती आणि तिचा कडीतला पीळ तसाच होता. मी पिळाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. कुत्रं निरोगी निघालं तर बोट आपल्याकडे वळेल, ही भीती यांनी अशी भरून ठेवली होती. आणि ती पदराआड धरून गाडीत जाऊन बसले. मला वाटलं, लघवी ती लघवी, त्यात माणूस काय आणि कुत्रं काय, डॉक्टरला थोडंच कळणार आहे. सोळा वर्षांच्या मुलीनं केली नसती अशी चूक मी साठीत केली.

नितेशनं मित्राची ओम्नी आणली होती. हवालदार मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून अकोल्यापर्यंत झोपला. एवढा लांब तो कधी गेला नव्हता.

सुगत डॉक्टर तरुण होते, बोलायला साधे. त्यांनी बाटलीत कागदाची पट्टी बुडवली, रंग पाहिला, भुवया चढवल्या. "साखर लय हाय. रक्तबी हाय थोडं." मग हवालदाराच्या कानाला बारीक सुई टोचून रक्तातली साखर पाहिली. ती व्यवस्थित निघाली. त्यांनी पुन्हा पाहिली. पोट दाबून पाहिलं, दात पाहिले. "दहा वर्षांचं कुत्रं असं ठणठणीत मी पाह्यलं नाई," म्हणाले. मग त्याला अंगणात नेलं. तिथं एका गाडीच्या टायरला हवालदारानं पाय वर केला, आणि डॉक्टरांनी चपळाईनं वाटी धरली. त्यात दुसरी पट्टी बुडवली. काही नाही. स्वच्छ.

डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"हे याचं," ते म्हणाले. "आता हे कोणाचं?"

नितेश हसला. "त्याचंच हाय ना, डॉक्टर. आईनं सकाळी भरलं."

डॉक्टर हसले नाहीत. माझ्याकडे पाहत म्हणाले, "आजी, हे कुत्र्याचं नाई. ज्याचं असंन त्याले लवकर दाखवा. तुमी काही सांगा नका सांगा, पण त्याले दाखवा."

मला अजून खोटं बोलता आलं असतं. बाटली जुनी होती, अदलाबदल झाली, काहीही. घरी गेल्यावर यांचा हात धरून मी एकटीनं त्यांना दवाखान्यात नेलं असतं, कोणाला कळलं नसतं. झाकली मूठ झाकलीच राहिली असती, फक्त हवालदार गेला असता. लोकांना मी सांगते की मी यांच्या तब्येतीसाठी बोलले. पण खरं सांगायचं तर त्या घडीला माझ्या डोळ्यांपुढे हे नव्हते. टेबलाखाली हवालदार माझ्या पायावर पाय ठेवून बसला होता. मी म्हणाले, "यायचं हाय, नितेश. तुह्या बाबाचं. गादीबी तेच ओली करते. दोन वर्सापासून."

बडनेऱ्यापर्यंत नितेश समोर रस्त्याकडे पाहत गाडी चालवत होता. तिथं रेल्वे फाटक लागलेलं होतं. थांबल्यावर म्हणाला, "आणि आमी त्या कुत्र्याले शांपू लावून राह्यलो होतो." मला वाटलं तो रडेल. तो फक्त नाक चोळत होता.

घरी आल्यावर त्यानं करिश्माला आत बोलावलं आणि दार लोटलं. हे बाहेर खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला विचारलं नाही, काय म्हणाले डॉक्टर. माझं तोंड पाहिलं आणि त्यांना समजलं. उठून ते गच्चीवर गेले, वाळत घातलेल्या गादीशेजारी बसले. उन्हातच बसले. मी दोनदा हाक मारली, उतरले नाहीत.

त्यांना दवाखान्यात नेलं. साखर निघाली, प्रोस्टेटची गाठ निघाली. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी सहा महिने गेले असते तर अवघड होतं. म्हणजे मी केलं ते बरोबरच केलं, असं सगळे म्हणतात. केशरबाईसुद्धा म्हणाल्या, म्हणजे त्यांनाही कळलं. कोणी सांगितलं ते मला माहीत नाही. आता फाटकाशी आल्या की त्या हवालदाराची चौकशी करत नाहीत.

पण गोळ्यांनी साखर उतरली तरी गादी काही लगेच कोरडी राहत नाही. पुढच्या रविवारी नितेशनं मागची टिनाची खोली रिकामी केली. तिथं फुलांची पोती असायची, अलीकडे हवालदार झोपायचा. चुना मारला, पंखा लावला, नवी मच्छरदाणी आणली. खोलीला लागून संडास आहे, म्हणजे बाबांना रात्री सोयीचं. करिश्मानं स्वतः पोतेरं फिरवलं, पोट सांभाळत. मला एका शब्दानं नाव ठेवायला जागा ठेवली नाही. म्हणाली, "आई, तुमी आतच झोपा. बाळ झालं का मले रात्री तुमी लागान." मी बोलायच्या आत हेच म्हणाले, "हाव. आई आतच झोपन." आणि आपली उशी स्वतः उचलून घेऊन गेले.

आता पुढच्या घरात वास येत नाही. करिश्मानं पडदे बदलले. बाळ झाल्यावर हवालदाराला त्याच्याजवळ बसू द्यायचं की नाही यावर नवरा-बायको हसत वाद घालतात, आणि धर्मेंद्रला फोन करून सांगून टाकलं, कुत्रं देत नाही म्हणून.

हे माझ्याशी बोलत नव्हते. बावीस दिवस. मी ताट घेऊन जायचे, ठेवायचे, तासाभरानं उचलायचे. हवालदार त्यांच्या दाराशी जाऊन बसायचा तर त्याला हाकलायचे, शिव्या न देता, नुसता हात हलवून. काल मी ताट ठेवलं आणि उठलेच नाही. म्हटलं, "काहून बोलत नाई तुमी? मरू दिलं असतं का तुमाले?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"कुत्र्याले जाऊ द्यायचं होतं," हे म्हणाले.

"बिबट्यानं खाल्लं असतं त्याले."

"त्याले एकदाच खाल्लं असतं."