न कापलेली कड

पानं सहाशे आठ, म्हणजे पृष्ठं बाराशे सोळा. जाडी अडतीस मिलिमीटर. शिलाईचे तीन दोरे तुटलेले, पाठ निखळलेली. बायबल मिटून धरलं की कडेवर बोटांच्या मळाच्या दोन पट्ट्या दिसत. सुरुवातीला ३.१ मिलिमीटरची, जवळजवळ काळी. मध्यापाशी ५.८ मिलिमीटरची, फिकट पण एकसारखी. बाकी कड पांढरी.

कारखान्यातल्या टर्नरने हे जाडी मोजायचा व्हर्नियर लावून मोजलं होतं. तीस वर्षं लेथवर उभं राहून त्याच्या बोटांच्या रेषांत तेल मुरलं होतं. साबणालाही ते दाद देत नसे.

काळी पट्टी त्याची. दर नव्या वर्षी तो हौसेने पहिल्या पानापासून सुरुवात करायचा, दिवसाला चार-चार अध्याय उरकायचा आणि यज्ञांचे नियम आले की त्याचं गाडं रुतायचं. पुढच्या वर्षी पुन्हा पहिलं पान.

"आलात का आदामला भेटून?" बायको विचारायची. "बाकीचे बिचारे ताटकळलेत तुमच्यासाठी."

फिकट पट्टी तिची. रोज सकाळी सहाला ती खिडकीपाशी बसून स्तोत्रं वाचायची, तिथून थोडं पुढे जायची, मग परत स्तोत्रांकडे यायची. त्या वेळी तो मोजे शोधत घरभर फिरायचा. तिच्या समोरची खुर्ची रिकामी असायची. ती जाऊन चौदा महिने झाले होते. आता दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि संध्याकाळी कुलूप काढून आत आलं की स्वतःच्या खोकल्याशिवाय घरात आवाज नसायचा.

पाठ पार सुटली तेव्हा तो पुस्तक घेऊन बाइंडरकडे गेला.

"शिलाई नवी, पुठ्ठा नवा," बाइंडर म्हणाला, "आणि तिन्ही कडा कापून देतो. कोरं करकरीत दिसेल."

"किती कापणार?"

"दोन मिलिमीटर. मळ सगळा जाईल."

"कडा नका कापू."

"काका, एवढी मेहनत करायची आणि मळ तसाच ठेवायचा?"

"तो बायकोचा आहे."

बाइंडरने पुस्तक उजेडात फिरवलं. "आणि हा पुढचा?"

"तो माझा. तो कापलात तरी चालेल."

"तेवढाच कसा कापू? माझं यंत्र नवरा-बायको ओळखत नाही." तो हसला, मग जरा थांबून म्हणाला, "आता कोण वाचतं?"

"मी," टर्नर म्हणाला.

ते खोटं होतं.

पुस्तक आठवड्याने परत आलं, कडा जशाच्या तशा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो स्वतःच्या खुर्चीत बसला. तिच्या पानांना हात लावायचा नाही, हे त्याने ठरवलं होतं; आपल्या बोटांनी तिचा माग पुसला जाईल. म्हणून जिथे तिची पट्टी संपून पांढरी कड सुरू होत होती, तिथेच उघडलं. कुणी संदेष्टा लोकांवर चिडत होता आणि त्यांच्यासाठी रडतही होता. टर्नरने मोठ्याने वाचून पाहिलं. रिकाम्या खोलीत आपलाच आवाज त्याला परका वाटला. कुणावर चिडलाय हा, असं विचारायला त्याने तिच्या खुर्चीकडे मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

पहिल्या सकाळी त्याने तीन अध्याय ओढले. डोकं भणभणलं. कारखान्यात लोखंडाच्या कांबीवर एकदम खोल काप घेतला की हत्यार थरथरतं आणि कांबीवर ओरखडे उठतात, हे तो नव्या पोरांना रोज सांगायचा. दुसऱ्या दिवसापासून त्याने काप कमी केला. दिवसाला एक पृष्ठ, मग गोष्ट कितीही रंगात आलेली असो.

मधे तापात तीन दिवस बुडाले. चौथ्या दिवशी त्याला वाटलं, राहिलेली तीन पृष्ठं एका बैठकीत भरून काढावीत. नाही काढली. जिथे थांबला होता तिथलं एक वाचलं, पुस्तक मिटलं, डबा उचलला.

एकशे बाराव्या सकाळी, वाचून झाल्यावर, त्याने पानं दाबून धरली आणि व्हर्नियर लावला. आपली जुनी, काळी पट्टी ३.१. बायकोची ५.८. तिच्या पुढची नवी, अगदी फिकट, ३.४. बायकोच्या आणि या नव्या पट्टीमधलं अंतर शून्य.