पालथा वाडगा

मी एक जुना काचेचा वाडगा आहे. माझ्या काठाचा टवका उडाला आहे आणि आयुष्यातली बरीच वर्षं मी पालथाच राहिलो आहे.

मित्रांनो, आम्ही सहा भावंडं एका खोक्यातून या स्वयंपाकघरात आलो. या घरातल्या आई अळिंब्यांच्या अभ्यासक. अळिंबीची छत्री त्या अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवत आणि वारा लागू नये म्हणून वर मला पालथा घालत. सकाळी कागदावर बीजाणूंच्या भुकटीचा नाजूक ठसा उमटलेला असे. त्याच्या रंगावरून अळिंबीची ओळख पटवता येई.

"मग मी फळं काय डोक्यावर ठेवू?" बाबा विचारत.

"पाच आहेत की अजून!"

"चार. एक तू कॉलेजात नेलास."

नवी जात सापडली की आई तिला एखाद्या थोर शास्त्रज्ञाचं नाव देत. आडनावाला लॅटिन शेपूट जोडत. त्यांची लहानगी टेबलाला हनुवटी टेकून विचारी, "आई, तुझ्या नावाची कुठली गं?"

"आपलं नाव आपणच द्यायचं नसतं, वेडाबाई. दुसऱ्या कुणाला तरी तसं वाटावं लागतं."

मग एकदा आईंनी नखाएवढी एक करडी छत्री माझ्याखाली ठेवली. त्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेलं. त्या परत आल्या नाहीत.

वर्षं गेली, माझ्यावर धूळ बसली. एके दिवशी आवराआवर करताना बाबांची बहीण म्हणाली, "हे फुटकं कशाला ठेवायचं?" तिचा हात माझ्यावर पडला.

"आत्या, थांब!" आता मोठी झालेली मुलगी ओरडली. "तो पालथा आहे. म्हणजे आईचं काम चालू आहे."

तिनं मला दोन्ही हातांनी अलगद उचललं. छत्री वाळून पानासारखी झाली होती. खालचा जांभळट ठसा मात्र शाबूत होता.

आईंच्या विद्यार्थिनीनं, घरच्यांच्या लाडक्या 'भिंगवाली'नं, कितीतरी महिने तपासणी केली. जात नवीच निघाली. नाव तिनंच ठरवलं आणि ते लिहिलेला कागद मुलीच्या हातात दिला.

मुलीनं तो दोनदा वाचला. "बाबा," ती म्हणाली, "आईच्या आडनावाला शेपूट फुटलं."

बाबा हसले. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

हल्ली मी सरळ असतो. माझ्यात फळं असतात. मित्रांनो, गेलेल्या माणसाचं घर जरूर आवरा. पण पालथं भांडं उचलण्याआधी क्षणभर थांबा. खाली कुणाचं तरी काम अजून चालू असेल.